१५९० की १५९१? रोहिणखेडची लढाई आणि विकिपीडियावरचे वाद

बुलढाणा जिल्ह्यात 'घाटावर' आणि 'घाटाखाली' असे दोन भाग लोक सहज बोलतात. मोताळा तालुक्यातलं रोहिणखेड हे घाटाखालचं, अगदी डोंगराच्या पायथ्याचं गाव. जुन्या कागदांत 'रोहनखेड' असंही दिसतं. खानदेशातून वऱ्हाडात किंवा दख्खनच्या पठारावर चढायचं तर अशा घाटांच्या तोंडाशी फौजा अडायच्या. म्हणूनच या गावाच्या नावावर एक नाही, दोन लढाया आहेत.

पहिली १४३७ ची. खानदेशच्या नासिरखान फारूकीने वऱ्हाडात फौज घातली आणि बहमनी सरदार खलफ हसन याने त्याला इथे हरवून बुऱ्हाणपूरपर्यंत मागे रेटलं. दुसरी लढाई निजामशाहीतली. अहमदनगरच्या गादीवर इस्माईल नावाचा अल्पवयीन मुलगा होता आणि कारभार जमालखान या महदवी सरदाराच्या हातात होता. इस्माईलचा बाप बुऱ्हाण खानदेशच्या राजा अलीखानाची मदत घेऊन गादीवर हक्क सांगायला आला. रोहिणखेडजवळ लढाई झाली, जमालखान मारला गेला आणि बुऱ्हाण निजामशहा झाला.

या दुसऱ्या लढाईचं साल काही पुस्तकांत १५९० आहे, काही पुस्तकांत १५९१. आता कल्पना करा, विकिपीडियावर एकाने १५९० लिहिलं. दुसऱ्याने ते पुसून १५९१ केलं. पहिल्याने परत १५९० केलं. दोघांकडे छापील पुस्तक आहे, दोघंही प्रामाणिक आहेत, आणि दोघांच्याही वर कोणी संपादक बसलेला नाही. मग ठरवायचं कोणी?

हा प्रश्न दिसतो तांत्रिक, पण मुळात तो इतिहासलेखनाचा आहे. पेटची तयारी करणाऱ्या, सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या प्रत्येकाने तो एकदा तरी नीट समजून घ्यावा असं मला वाटतं. 'विकिपीडिया संदर्भ म्हणून देऊ नका' हे आपल्याला सगळे सांगतात. पण तिथले वाद कसे मिटतात (किंवा मिटत नाहीत) यातून पुराव्याबद्दल काय शिकता येतं, हे सहसा कुणी सांगत नाही.

आधी वाद कोण मिटवायचं?

मराठीत ज्ञानकोशांची परंपरा चांगली दांडगी आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' उभा केला, २३ खंडांचा. पुढे वाईहून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली 'मराठी विश्वकोश' निघाला. दोन्ही ठिकाणी लेखक अनेक, पण शेवटचा शब्द संपादकाचा. दोन तज्ज्ञांत मतभेद झाले तरी ते कार्यालयाच्या आत राहायचे. वाचकाच्या हाती यायचा तो निकाल. वाद कधी दिसायचा नाही.

१५ जानेवारी २००१ रोजी जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी विकिपीडिया सुरू केला तेव्हा हीच रचना उलटी झाली. कोणीही लिहावं, कोणीही बदलावं. मराठी विकिपीडियाची सुरुवात १ मे २००३ ची. इथे निकाल कच्चा असतो, पण वाद मात्र पूर्ण उघडा. प्रत्येक पानाला 'इतिहास' असतो. कोणत्या सदस्याने, कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणता शब्द बदलला हे त्यात कायम राहतं. शेजारी चर्चा पान असतं. संशोधक म्हणून मला यात जास्त रस आहे, कारण ज्ञानकोशाच्या कार्यालयातले मतभेद आपल्याला शोधून काढावे लागतात. इथे ते तारीखवार हजर आहेत.

नियम भांडणांतून आले

विकिपीडियाचे नियम कोणी आधी बसून आखलेले नाहीत. भांडण झालं, दमछाक झाली, मग नियम झाला, असाच बहुतेकांचा इतिहास आहे.

सुरुवातीपासून एक तत्त्व होतं, तटस्थ दृष्टिकोनाचं. याचा अर्थ 'सगळ्यांचं थोडं थोडं घ्या' असा नाही. जाणकारांच्या लेखनात एखाद्या मताला जितकं वजन आहे तितकंच लेखात द्यायचं, आणि मत कुणाचं ते नाव घेऊन सांगायचं. त्याला जोड मिळाली ती पडताळणीच्या नियमाची: खरं काय हे तुम्हाला माहीत असून उपयोग नाही, ते कुठे छापलंय ते दाखवा. मराठी विकिपीडियावर '[संदर्भ हवा]' ही खूण दिसते ती याच नियमाची.

पण तत्त्वं असूनही माणसं एकमेकांचं लिखाण उलटवत राहिली. म्हणून २००४ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर तीन-वेळांचा नियम आला: एका पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं लिखाण उलटवलं तर तुमचं खातं काही काळ बंद. नीट बघा, या नियमात कोण बरोबर हा प्रश्नच नाही. बरोबर माणूसही चौथ्यांदा उलटवू शकत नाही. त्याला चर्चा पानावर यावंच लागतं.

त्याच सुमारास तिथे लवाद समिती स्थापन झाली. तिची मर्यादा लक्षात ठेवण्यासारखी आहे. ती वागणुकीचा निवाडा करते, मजकुराचा नाही. 'या सदस्याने शिवीगाळ केली' हे ती ठरवेल. 'लढाई कोणत्या साली झाली' हे ठरवणार नाही.

मग मजकुराचं काय? त्यासाठी पायऱ्या आहेत. आधी दोघांनी चर्चा पानावर बोलायचं. जमलं नाही तर तिसऱ्या, संबंध नसलेल्या सदस्याचं मत घ्यायचं. तरीही नाही जमलं तर प्रश्न नेमका मांडून सगळ्यांना बोलवायचं. ही चर्चा साधारण महिनाभर चालते आणि शेवटी कोणी तटस्थ सदस्य तिचा सारांश लिहून ती बंद करतो. इथे डोकी मोजत नाहीत. दहा जणांनी 'मला असं वाटतं' म्हटलं आणि एकाने चांगला संदर्भ दिला, तर पारडं त्या एकाचं जड, निदान तत्त्वतः तरी.

मराठी विकिपीडियावर हेच काम आपल्या ओळखीच्या शब्दांत चालतं. सामुदायिक चर्चेच्या जागेचं नाव 'चावडी'. मत आजमावायचं असेल तर 'कौल'. व्यवस्था बघणारे ते 'प्रचालक'. कच्चं लिखाण करून बघायची जागा 'धूळपाटी' आणि आपोआप कामं करणारा प्रोग्रॅम म्हणजे 'सांगकाम्या'. लवाद समितीसारखी मोठी यंत्रणा मराठीत नाही. गावाच्या चावडीसारखंच, चार माणसं बसतात आणि बोलून मार्ग काढतात.

आता रोहिणखेडचा वाद सोडवून बघू

परत आपल्या दोन सदस्यांकडे येऊ. पहिली पायरी म्हणजे 'माझं पुस्तक की तुझं पुस्तक' हे सोडून दोन्ही पुस्तकांनी साल आणलं कुठून ते बघणं. मूळ नोंदी फारसी आहेत आणि त्यांत साल हिजरी असतं. इथे ते आहे हिजरी ९९९. हे वर्ष ऑक्टोबर १५९० मध्ये सुरू होतं आणि ऑक्टोबर १५९१ मध्ये संपतं. एखाद्या लेखकाने हिजरी साल दिसल्याबरोबर ते जिथे सुरू होतं ते इसवी साल लिहून टाकलं की १५९० येतं. पण त्या वर्षाचे जेमतेम पहिले दोन महिने १५९० मध्ये पडतात, बाकीचे १५९१ मध्ये.

म्हणजे हा दोन मतांचा वाद नव्हताच. हा रूपांतराचा घोळ होता. विकिपीडियावरचे अर्धेअधिक चांगले तोडगे असेच निघतात: वाद जिंकून नाही, वादाचा प्रकार ओळखून.

दुसरी पायरी. बुऱ्हाण निजामशहाची कारकीर्द इतिहासाच्या पुस्तकांत १५९१ पासून १५९५ पर्यंत धरतात. तो गादीवर बसला तो या लढाईनंतर. मग लढाई १५९१ ची असणंच जास्त पटतं, नाही का?

पटतं. पण इथेच विकिपीडिया तुम्हाला थांबवेल. कालगणनेचं साधं रूपांतर किंवा बेरीज-वजाबाकी चालते. पण एका पुस्तकातून कारकीर्द घ्यायची, दुसऱ्यातून लढाई घ्यायची आणि दोन्ही जोडून तिसरा निष्कर्ष लेखात लिहायचा, हे चालत नाही. त्याला तिथे 'मूळ संशोधन' म्हणतात आणि ते निषिद्ध आहे. तो निष्कर्ष आधी कुणीतरी दुसरीकडे छापलेला हवा. तसा संदर्भ मिळेपर्यंत लेखात एवढंच लिहायचं की काही ग्रंथांत १५९० व काही ग्रंथांत १५९१ असं साल आढळतं, आणि तळटीपेत दोन्ही ग्रंथांची नावं द्यायची.

मित्रहो, हा मुद्दा वहीत लिहून ठेवा. विकिपीडियावर जे निषिद्ध आहे, नेमकं तेच तुमच्या प्रबंधात अपेक्षित आहे. दोन पुरावे शेजारी ठेवून तिसरी गोष्ट सिद्ध करणं म्हणजेच संशोधन. म्हणून विकिपीडियासारखा प्रबंध लिहिला ('अमुक असं म्हणतो, तमुक तसं म्हणतो') की गाईड विचारतात, 'यात तुमचं काय?' आणि प्रबंधासारखा विकिपीडिया लेख लिहिला की तो उलटवला जातो. दोन्ही ठिकाणी चूक एकच, आपण कोणत्या जागी उभे आहोत ते विसरण्याची.

सालापेक्षा अवघड: शब्द

साल सुटलं. आता जमालखानाला काय म्हणायचं? 'सत्ता बळकावणारा' की 'कारभारी'? महदवी म्हणजे जौनपूरच्या सय्यद मुहंमद यांना महदी मानणारा पंथ. अहमदनगरच्या दरबारात थोडा काळ त्यांचा अंमल होता आणि रोहिणखेडला तो संपला.

या काळाची माहिती आपल्याला मोठ्या प्रमाणावर फिरिश्ताकडून मिळते. फिरिश्ता आधी अहमदनगरला होता. याच धामधुमीत, १५८९ मध्ये, तो विजापूरला गेला आणि तिथे इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयाने त्याने आपला इतिहास लिहिला. विजापूर या भांडणात जमालखानाच्या विरोधात होतं. याचा अर्थ फिरिश्ता खोटं लिहितो असा नाही. पण त्याची विशेषणं उचलून लेखात 'तथ्य' म्हणून ठेवली, तर आपण जिंकलेल्या बाजूच्या पानावर सही करतो.

विकिपीडियाची रीत इथे उपयोगी पडते. विशेषण काढा, कृती सांगा. 'जमालखानाने अल्पवयीन इस्माईलच्या नावाने कारभार चालवला' हे दोन्ही बाजूंना मान्य होईल. 'जुलमी' म्हणायचं असेल तर कुणी म्हटलंय ते नाव घेऊन सांगा. आणि हरलेल्या बाजूचा काही पुरावा उरलाय का ते शोधा. रोहिणखेडमध्ये तो दगडात उरला आहे: गावातली जुनी मशीद खुदावंदखान महदवी याने १५८२ मध्ये बांधलेली. म्हणजे लढाईच्या आधीपासून महदवी सरदाराची इथे वास्तू होती. लेखात फक्त लढाई ठेवली तर गाव म्हणजे एक रणांगण उरतं. मशीद शेजारी ठेवली की तिथे हरलेली माणसं राहत होती, बांधत होती हेही दिसतं.

तळटीपेत मावलेला शंभर वर्षांचा वाद

तारखेच्या वादाचं सगळ्यात मोठं मराठी उदाहरण तुम्हाला ठाऊक आहे: शिवजन्माची तारीख. आधी शके १५४९, म्हणजे १६२७ हे साल रूढ होतं. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली आणि तिच्यात शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया ही तिथी मिळाली. पुढे परमानंदाच्या 'शिवभारता'तही तीच तिथी आढळली. १९६६ मध्ये राज्य सरकारने इतिहासकारांची समिती नेमली. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख सरकारने अधिकृतपणे स्वीकारली ती २००१ मध्ये.

इंग्रजी विकिपीडियावरच्या शिवाजी महाराजांच्या लेखात हा सगळा वाद एका टीपेत बसवलेला आहे. महाराष्ट्र सरकार कोणती तारीख मानतं, ती तारीख जुन्या ज्युलियन पद्धतीची आहे, आणि ६ एप्रिल १६२७ सारख्या दुसऱ्या तारखाही सुचवल्या गेल्या आहेत, असं ती टीप सांगते. तिने कोणाला हरवलेलं नाही. पण वजन कुठे आहे ते लपवलेलंही नाही. तटस्थता म्हणजे काय याचं इतकं छोटं उदाहरण दुसरं सापडणं अवघड.

नावांचे वादही असेच. पोलंडमधल्या एका शहराला जर्मन लोक डांझिग म्हणत, पोलिश लोक ग्दान्स्क म्हणतात. २००५ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर मतदान होऊन ठरलं की १३०८ ते १९४५ या काळाबद्दल लिहिताना डांझिग, बाकी काळासाठी ग्दान्स्क. आपल्याकडे अहमदनगरचं अहिल्यानगर झालं आहे. निजामशाहीबद्दल लिहिताना कोणतं नाव घ्यायचं, हा प्रश्न तुमच्याही प्रबंधात येणारच. ज्या काळाबद्दल लिहितोय त्या काळचं नाव घ्यावं आणि पहिल्या उल्लेखात आजचं नाव सांगावं, हा साधा तोडगा आहे. मात्र तो पहिल्या प्रकरणातच जाहीर करा, म्हणजे वाचकाला तुमचं नाव घेणं घोषणा वाटणार नाही.

आणि जेव्हा जमत नाही

हे सगळं वाचून तिथे फार समजूतदार लोक आहेत असा समज करून घेऊ नका. २०१८ मधल्या एका अभ्यासात इंग्रजी विकिपीडियावरच्या २०११ ते २०१७ या काळातल्या सात हजारांहून जास्त सार्वजनिक चर्चा तपासल्या होत्या. त्यांतल्या साधारण एक तृतीयांश औपचारिक निकालाशिवायच विरून गेल्या. कारणं ओळखीची आहेत: प्रश्नच धड मांडलेला नाही, मूळ दोघंच भांडत राहिले, तिसऱ्या कुणाला रस नाही. या यादीत 'तिसरा माणूस' हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सगळी व्यवस्था त्याच्यावर उभी आहे. मोठ्या भाषेत तो मिळतो. छोट्या भाषेत, त्यातही छोट्या गावाच्या लेखावर, तो येत नाही. रोहिणखेडबद्दल वाद दिसत नसेल तर त्याचा अर्थ मजकूर बरोबर आहे असा नाही. कुणी बघितलंच नाही, असाही असू शकतो.

दुसरी अडचण बाहेरून येते. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'छावा' चित्रपट गाजत असताना संभाजी महाराजांवरच्या इंग्रजी लेखातल्या मजकुरावरून महाराष्ट्रात मोठा संताप झाला. महाराष्ट्र सायबरने विकिमीडिया फाउंडेशनला तो मजकूर काढण्याची नोटीस पाठवली आणि काही संपादकांवर गुन्हाही दाखल झाला. त्या मजकुराबद्दल तुमचं मत काहीही असो, एक फरक लक्षात घ्या. चर्चा पानावर प्रश्न असतो, 'हे कोणत्या आधारावर?' नोटिशीत प्रश्न असतो, 'हे कोणी लिहिलं?' पहिल्या प्रश्नाने लेख सुधारू शकतो. दुसऱ्या प्रश्नाने लिहिणारा गप्प होतो, आणि उद्या त्या पानावर येऊ शकणारा तो तिसरा, वाचलेला, शांत डोक्याचा माणूसही लांब राहतो. महाराजांच्या लेखाकडे बघणारे हजारो असतात, त्यामुळे तिथे उशिरा का होईना कोणी येईल. रोहिणखेडच्या लेखाला हा धक्का परवडणारा नाही.

तुमच्यासाठी तीन कामं

एक. तुमच्या विषयावरचा कोणताही विकिपीडिया लेख उघडा आणि लेख न वाचता आधी चर्चा पान वाचा. मराठी आणि इंग्रजी दोन्ही. वाद कुठे आहे ते कळलं की संशोधनाचा प्रश्न कुठे आहे त्याचा अंदाज येतो.

दोन. प्रत्येक मतभेदापुढे पेन्सिलीने त्याचा प्रकार लिहा: रूपांतराचा, नावाचा, विशेषणाचा, की खरोखर पुराव्याचा. पहिले तीन तुम्ही आठवड्यात सोडवाल. चौथा उरला तर तो सिनॉप्सिसचा ऐवज.

तीन. आपल्या गावाच्या लेखावर तिसरा माणूस व्हा. भांडायला नको. एखादा नीट संदर्भ जोडा, एखादं विशेषण काढा, चर्चा पानावर दोन ओळींत कारण लिहा. रोहिणखेडसारख्या गावांचा इतिहास पुढची पिढी सगळ्यात आधी मोबाईलवर वाचणार आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयात तुमचा प्रबंध उघडणारे थोडे असतील. गावच्या पोराच्या शाळेच्या प्रकल्पात मात्र साल जाईल ते याच पानावरून.